टँकरच्या दांडीपासून कर्जाच्या व्याजापर्यंत : समीकरणाचं मूळ शोधणारा प्रोग्राम पहिल्यांदाच लिहिणाऱ्यांसाठी

मोर्शी-वरूड पट्ट्यात मे महिन्यात संत्र्याची झाडं जगवायची तर पाणी टँकरनं आणावं लागतं. आमच्या मामांकडे ट्रॅक्टरला जोडायची ५,००० लिटरची आडवी गोल टाकी आहे. आत किती पाणी उरलं ते पाहायला एक बांबूची दांडी, तिच्यावर चार सारख्या खुणा : पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण. एकदा दांडी 'पाव'वर होती. पाव टाकी म्हणजे १,२५० लिटर, म्हणजे २०० लिटरचे सहा ड्रम आरामात भरतील, असं मी शेजारच्या काकांना सांगून बसलो. पाचवा ड्रमसुद्धा काठोकाठ भरला नाही. काका काही बोलले नाहीत, मामा मात्र बोलले : "टाकीत पानीच नाई त दांडी कायची दाखवते रे? कॉलेजात हेच शिकवते का?"

कॉलेजात खरं तर हेच शिकवलं होतं. 'संख्यात्मक पद्धती' नावाच्या विषयात द्विभाजन, न्यूटन-रॅफसन, छेदक पद्धत, सगळं वहीत होतं. पण प्रात्यक्षिकाच्या तासाला प्रोग्राम फळ्यावरून उतरवून घ्यायचा, सही घ्यायची आणि पुढे जायचं, एवढंच झालं. तो प्रोग्राम का चालतो आणि कधी फसतो, हे कळायला मला ही टाकी लागली. तुमच्या वाट्याला तो घोळ येऊ नये म्हणून हे लिहितोय. बारावीचं गणित जेमतेम आठवत असेल तरी पुरेल.

काय काय लागेल

- वही आणि पेन. हे पहिलं लिहितोय कारण वीज गेली की हेच उरतं, आणि खरं काम इथेच होतं.
- लॅपटॉप असेल तर पायथॉन ३. नसेल तर अँड्रॉइड फोनवर पायड्रॉइड ३ हे ॲप. एकदा उतरवलं की नेट नसतानाही चालतं. मी निम्मं काम फोनवरच केलं.
- साइन, कोसाइन असलेला साधा वैज्ञानिक कॅल्क्युलेटर.
- पडताळणीसाठी एक्सेल किंवा लिब्रेऑफिससारखी तक्त्यांची प्रणाली. नसली तरी अडत नाही.
- मोजपट्टी. टाकीचा आतला उभा व्यास मोजायचा आहे. बाहेरून मोजलात तर पत्र्याची जाडी त्यात येते.

१. आधी समीकरण मांडा, प्रोग्राम नंतर

नव्या माणसाची पहिली चूक इथेच होते. तो थेट फोन उघडतो.

टाकी मागून पाहिली तर गोल दिसते. पाण्याचा पृष्ठभाग त्या गोलात एक आडवी रेघ. त्या रेघेच्या दोन्ही टोकांपासून केंद्रापर्यंत रेषा काढा, त्यांच्यामध्ये खालच्या बाजूला जो कोन होतो त्याला आपण 'कोन'च म्हणू. टाकी रिकामी तर कोन शून्य, अर्धी भरली तर पाय (π) म्हणजे ३.१४१५९, पूर्ण भरली तर दोन पाय. टाकीचा किती भाग भरलाय, ते असं येतं :

भाग = (कोन − साइन(कोन)) ÷ (२ × पाय)

आणि पाण्याची उंची :

उंची = व्यास ÷ २ × (१ − कोसाइन(कोन ÷ २))

उंचीवरून पाणी काढणं सोपं आहे. मामांच्या टाकीचा व्यास १२० सेंटिमीटर, दांडीवरची 'पाव' खूण ३० सेंटिमीटरवर. हिशेब केला तर भाग येतो ०.१९५५, म्हणजे ९७७ लिटर. पाच ड्रमांना २३ लिटर कमी. पाचवा ड्रम का भरला नाही याचं उत्तर मिळालं.

पण मला हवंय उलटं. टाकी खरोखर पाव असताना पाणी किती उंचीवर असेल? म्हणजे भाग ०.२५ ठेवून कोन काढायचा :

कोन − साइन(कोन) = पाय ÷ २

आता यातून कोन एकटा एका बाजूला काढून दाखवा. नाही जमणार. कोन एकदा उघडा आहे आणि एकदा साइनच्या पोटात, त्याला सुटं करणारं साधं सूत्र नाही. म्हणून अंदाज करायचा, चूक किती ते बघायचं, अंदाज दुरुस्त करायचा, पुन्हा बघायचं. 'पुनरावृत्तीची पद्धत' म्हणतात ती हीच.

प्रोग्रामसाठी सगळं एका बाजूला आणा, म्हणजे उत्तर मिळालं की किंमत शून्य होईल :

फल(कोन) = कोन − साइन(कोन) − २ × पाय × भाग

फल ज्या कोनावर शून्य होतं तो कोन म्हणजे समीकरणाचं मूळ.

२. कुंपण घाला

मूळ कुठून कुठपर्यंतच्या पट्ट्यात आहे, हे आधी ठरवा. कोन शून्य असताना फल उणे १.५७ येतं, कोन दोन पाय असताना अधिक ४.७१. मध्ये कुठेही तुटक नाही, म्हणजे उण्यातून अधिकात जाताना ते शून्यावरून गेलंच पाहिजे. आपलं मूळ या कुंपणात आहे.

आता कुंपणाचा मध्य घ्या. तिथे फल अधिक आलं तर मूळ डाव्या अर्ध्यात, उणे आलं तर उजव्या अर्ध्यात. दुसरा अर्धा सोडून द्या. पुन्हा मध्य. हे द्विभाजन. ६.२८ लांबीचं कुंपण दर फेरीला अर्धं होतं, त्यामुळे दशलक्षांशापेक्षा लहान व्हायला २३ फेऱ्या लागतात. फेऱ्या किती लागतील हे आधीच सांगता येतं, हा तिचा मोठा गुण. हळू आहे पण भरवशाची, बैलगाडीसारखी. तुमचा आयुष्यातला पहिला मूळशोधक प्रोग्राम याच पद्धतीचा असू द्या.

दोन ठिकाणी सावध राहा. दोन्ही टोकांना फलाची चिन्हं वेगळी आहेत का, हे प्रोग्रामनं सुरुवातीलाच तपासून नसतील तर थांबलं पाहिजे. मी ते तपासलं नव्हतं, आणि प्रोग्राम दर वेळी कुंपणाचं एक टोक 'उत्तर' म्हणून देत राहिला. दुसरं, एखाद्या फलाचा आलेख शून्याला नुसता शिवून परत फिरत असेल तर चिन्ह बदलतच नाही, तिथे द्विभाजन आंधळं आहे.

३. आता न्यूटन, पण आधी हातानं

न्यूटननं ही कल्पना १६६९ मध्ये बहुपदींसाठी मांडली, रॅफसननं १६९० मध्ये ती सुटसुटीत करून छापली, आणि आज आपण लिहितो तसं विकलजाचं (डेरिव्हेटिव्हचं) सामान्य रूप सिम्पसननं १७४० मध्ये दिलं. सूत्र एकाच ओळीचं :

नवा अंदाज = जुना अंदाज − फल ÷ उतार

उतार म्हणजे त्या जागी फलाचा विकलज. त्या उतारानं सरळ घसरत गेलो तर जमिनीला कुठे टेकू, तो पुढचा अंदाज.

कॅल्क्युलेटरही न घेता २ चं वर्गमूळ काढून बघा. फल घ्या क्षचा वर्ग वजा २, उतार २ × क्ष. सूत्रात घालून सोडवलं की उरतं : क्ष आणि २ ÷ क्ष यांची सरासरी. सुरुवात ३/२ पासून. पुढचा अंदाज १७/१२. त्यापुढचा ५७७/४०८, म्हणजे १.४१४२१५७. खरी किंमत १.४१४२१३६. दोन फेऱ्यांत पाच दशांश स्थळं. गंमत म्हणजे शुल्बसूत्रांत वेदीच्या मापांसाठी दिलेली किंमत १ + १/३ + १/(३×४) − १/(३×४×३४) अशी आहे, आणि तिची बेरीज केली की बरोबर ५७७/४०८ च येते. ती त्यांनी कुठल्या वाटेनं काढली हा वेगळा विषय, पण मला ही बेरीज जुळली त्या दिवशी वही बंद करून जरा वेळ अंगणात बसावंसं वाटलं होतं.

हातानं दोन फेऱ्या केल्याशिवाय पुढे जाऊ नका. प्रोग्राम चुकला तर तो कुठे चुकला हे ओळखायला हातचे आकडेच कामी येतात.

४. मसुदा मराठीत लिहा

टाकीसाठी उतार आहे १ − कोसाइन(कोन). मसुदा असा :

कोन = ३.१४१५९२६५
फेरी १ पासून ५० पर्यंत :
— फल = कोन − साइन(कोन) − २ × पाय × भाग
— उतार = १ − कोसाइन(कोन)
— उतार जवळजवळ शून्य असेल तर "उतार सपाट" असं छापून थांब
— पाऊल = फल ÷ उतार
— कोन = कोन − पाऊल
— फेरी, कोन आणि पाऊल छाप
— पावलाचा आकार ०.०००००१ पेक्षा लहान असेल तर "सापडलं" असं छापून थांब
५० फेऱ्या संपूनही इथवर आलो तर "सापडलं नाही" असं छाप

भाग ०.२५ दिला की कोनाच्या किमती अशा येतात : ३.१४१५९, २.३५६१९, २.३१०३३, २.३०९८८, २.३०९८८. चार फेऱ्या. द्विभाजनाला त्याच अचूकतेसाठी २३ लागत होत्या. उंचीच्या सूत्रात हा कोन घातला की ३५.८ सेंटिमीटर. म्हणजे 'पाव'ची खूण मामांच्या दांडीवर जवळपास सहा सेंटिमीटर खाली होती.

दर फेरीला छापायला सांगितलंय ते उगाच नाही. पहिल्या दिवसात फक्त शेवटचं उत्तर छापू नका. पाऊल कसं लहान होत जातं ते डोळ्यांनी बघा. बरोबर चाललेल्या न्यूटनमध्ये जुळलेली दशांश स्थळं दर फेरीला साधारण दुप्पट होतात. तसं होत नसेल तर बहुतेक वेळा उतार काढताना चूक झालेली असते. उत्तर तरीही येईल, पण रडतखडत.

५. पायथॉनमध्ये उतरवताना

इथे गणित सुटतं आणि भाषा छळते. मला लागलेल्या ठेचा सांगतो.

कोन रेडियनमध्येच, म्हणजे ज्या मापात १८० अंशांना पाय म्हणतात त्या मापात. पायथॉनचं साइन अंश घेत नाही, तक्त्यांच्या प्रणालीचंही घेत नाही. कॅल्क्युलेटर मात्र बहुतेकदा अंशांवर लावलेला असतो, त्यामुळे हातचा हिशेब आणि प्रोग्राम जुळत नाही आणि आपण प्रोग्रामला शिव्या घालतो. कॅल्क्युलेटरच्या कोपऱ्यात कुठलं अक्षर दिसतंय ते आधी बघा.

साइन, कोसाइन आणि पाय हे 'मॅथ' नावाच्या विभागात असतात. सुरुवातीच्या ओळीत 'इम्पोर्ट' करून तो मागवावा लागतो.

घातासाठी दोन तारका लागतात. शाळेतल्या सवयीनं टोपीचं चिन्ह वापरलंत तर पायथॉन त्याचा भलताच अर्थ घेतो. दशांश संख्या असेल तर निदान चूक तरी दाखवतो. पूर्णांक असतील तर निमूट चुकीचं उत्तर देतो, आणि ते जास्त वाईट.

ओळींपुढची मोकळी जागा सारखी ठेवा. काही ठिकाणी टॅब आणि काही ठिकाणी स्पेस असं झालं की प्रोग्राम चालायलाच नकार देतो. फोनवर लिहिताना हे हमखास होतं.

आता एक आवडीची गोष्ट. पायथॉन ३ मध्ये चलांची नावं देवनागरीत चालतात. 'कोन', 'उतार', 'पाऊल' अशी नावं खुशाल द्या, 'इफ', 'फॉर', 'रिटर्न' हे शब्द तेवढे रोमन लिपीत लिहावे लागतील. आकड्यांचं मात्र वेगळं आहे. प्रोग्रामच्या आत थेट देवनागरी आकडा लिहिला तर चूक येते, पण चालू असताना वापरणाऱ्यानं '१२०' असं टाइप केलं आणि तुम्ही ते 'फ्लोट'नं संख्येत बदललं तर ते बरोबर १२० होतं. माझ्या पुतण्याला हे दाखवलं तेव्हा त्यानं अर्धा तास फक्त देवनागरी आकडेच टाकून पाहिले. एक काटा आहे : मराठी कीबोर्ड काही जोडाक्षरांत न दिसणारं जोडचिन्ह घालतात. ते चलाच्या नावात आलं की चूक दिसते आणि कारण दिसत नाही. नावं साधी ठेवा.

६. थांबायचं कधी

मला विचाराल तर या सगळ्या विषयाचा जीव इथे आहे. सूत्र कुणीही लिहितो. प्रोग्राम चांगला की वाईट हे तो कसा थांबतो यावर ठरतं.

'फल शून्य झालं की थांब' असं कधीही लिहू नका. संगणक अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठवतो आणि साधारण १५-१६ सार्थ अंकांनंतर कापतो. पायथॉनमध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज छापून बघा, ०.३०००००००००००००००४ येते. ज्याला ०.३ नीट जमत नाही त्याच्याकडून अगदी शून्याची अपेक्षा ठेवलीत तर प्रोग्राम रात्रभर फिरत राहील. माझा राहिला होता. सकाळी फोन गरम आणि बॅटरी शून्य. शून्य मिळालं ते एवढंच.

म्हणून पावलाचा आकार तपासा. आणि फेऱ्यांना मर्यादा घाला, ती नुसती बॅटरीसाठी नाही. क्षचा घन − २ × क्ष + २ हे फल घ्या आणि न्यूटनला शून्यापासून सुरू करा. पुढचा अंदाज येतो १. त्यापुढचा ०. मग १. मग ०. घाण्याचा बैल. वीस लाख फेऱ्या दिल्या तरी हेच. मर्यादा असेल तर पन्नासाव्या फेरीला प्रोग्राम प्रामाणिकपणे सांगेल की सापडलं नाही. जो प्रोग्राम अपयश कबूल करत नाही, त्याच्या यशावरही विश्वास ठेवता येत नाही.

मर्यादा केवढी ठेवायची आणि किती अचूकता मागायची? मोजमाप ज्या प्रतीचं, त्याहून थोडी जास्त. दांडी सेंटिमीटरमध्ये वाचायची आणि कोन दहा दशांशांपर्यंत काढायचा, यात काही मोठेपणा नाही.

याच मुद्द्यासाठी विहिरीचं उदाहरण करून बघा. दगड टाकला, दोन सेकंदांनी पाण्याचा आवाज आला. पाणी किती खोल? दगड पडायचा वेळ आणि आवाज वर यायचा वेळ, दोन्ही मिळून २ सेकंद. गुरुत्वत्वरण ९.८ आणि आवाजाचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला तर उत्तर १८.५ मीटर, म्हणजे साठेक फूट. हे समीकरण वर्गसमीकरण करूनही सुटतं, म्हणून नव्या प्रोग्रामची परीक्षा घ्यायला उत्तम : दोन्ही उत्तरं जुळली पाहिजेत. पण घड्याळाचं बटण दाबायला दशांश सेकंद उशीर झाला तर उत्तर १.८ मीटरनं बदलतं. तुमचा प्रोग्राम कितीही दशांश स्थळं छापो, त्यातलं पहिलंसुद्धा खरं नाही.

७. सुरुवात कुठून करायची

वरच्या मसुद्यात मी कोन पायपासून, म्हणजे अर्ध्या टाकीपासून सुरू केला. पहिल्यांदा मी तसं केलं नव्हतं. 'पाव टाकी म्हणजे कोन लहानच असेल' असं वाटून ०.१ दिला. पुढचा अंदाज आला ३१४.४९. रेडियनमध्ये हा कोन म्हणजे गोलाला पन्नास चकरा मारून झाल्या. त्यापुढचा उणे साडेपाच हजारांच्या घरात. शून्य दिला असता तर पहिल्याच फेरीला भागाकार शून्यानं.

कारण उतार बघा : १ − कोसाइन(कोन). कोन लहान असताना कोसाइन एकाला चिकटलेलं असतं, उतार जवळजवळ शून्य. सपाट जमिनीवरून घसरायला निघालात तर टेकायला जागा पार लांब सापडणार. अर्ध्या टाकीवर मात्र उतार २, म्हणजे त्याची सर्वात मोठी किंमत. तिथून सुरू केलं की पाण्याचा भाग ० आणि १ यांच्या मध्ये कुठलाही असो, अंदाज एकाच बाजूनं मुळाकडे सरकत जातो, उडी मारत नाही. आलेख काढून पाहिलात तर पटेल : पायच्या एका बाजूला तो वरच्या दिशेनं वळलेला आहे, दुसऱ्या बाजूला खालच्या.

भाग म्हणून शून्यच दिलात तर? उत्तर शून्य आहे हे सांगायला प्रोग्राम लागत नाही, पण न्यूटनची तिथे दमछाक होते. मुळाशीच उतार शून्य असल्यामुळे दर फेरीला चूक फक्त एक तृतीयांशानं कमी होते. रिकाम्या आणि पूर्ण टाकीसाठी प्रोग्रामला त्रास न देता उत्तर थेट लिहून टाका.

प्रत्येक फलाला अशी सोयीची जागा मिळत नाही. मग कुंपण आणि न्यूटन एकत्र बांधा. अंदाज न्यूटननं काढा. तो कुंपणाबाहेर गेला तर फेकून द्या आणि कुंपणाचा मध्य घ्या. दर फेरीला फलाचं चिन्ह बघून कुंपण आवळत न्या. चार ओळी वाढतात, पण वेग न्यूटनचा आणि भरवसा द्विभाजनाचा. पायथॉनच्या सायपाय संचात तयार मिळणारी ब्रेंटची पद्धत याच विचारातली आहे, फक्त तिला विकलज लागत नाही. ती वापरायला हरकत नाही, पण एकदा स्वतः लिहिल्यावर.

८. विकलज काढायचा कंटाळा आला तर : छेदक पद्धत आणि कर्जाचा हप्ता

दोन वर्षांपूर्वी घरी मोटारसायकल घेतली. एक लाखाचं कर्ज, २४ महिने, व्याज 'फक्त १२ टक्के फ्लॅट'. हिशेब कागदावर करून दाखवला गेला : दोन वर्षांचं व्याज २४,०००, एकूण १,२४,०००, भागिले २४, हप्ता ५,१६७ रुपये. आम्ही सही केली. पण मुद्दल तर दर महिन्याला फिटत जातं, मग पूर्ण लाखावर दोन वर्षं व्याज कसं? घटत्या बाकीवर खरा दर किती पडला, ते असं सापडतं :

(१ − (१ + दर) चा उणे २४ वा घात) ÷ दर = १,००,००० ÷ हप्ता

दर म्हणजे महिन्याचा दर, अपूर्णांकात. पुन्हा तेच, दर सुटा होत नाही. आणि याचा विकलज काढायचा म्हणजे कागद काळा करायचा. छेदक पद्धतीत उताराच्या जागी मागच्या दोन अंदाजांमधला उतार वापरतात :

उतार = (फल२ − फल१) ÷ (दर२ − दर१)

बाकी मसुदा तोच, फक्त सुरुवातीला एकाऐवजी दोन अंदाज द्यायचे. मी ०.०१ आणि ०.०३ दिले. न्यूटनपेक्षा एखाद-दोन फेऱ्या जास्त लागतात. उत्तर महिन्याला १.७९८ टक्के, बाराने गुणलं की वर्षाला २१.५७ टक्के. १२ आणि २१.५७. घरात कुणाला लगेच सांगितलं नाही.

इथे एक फसवं मूळ दबा धरून आहे. दरानं भागायचं टाळायला मी समीकरण दोन्ही बाजूंनी दरानं गुणलं :

१,००,००० × दर − हप्ता × (१ − (१ + दर) चा उणे २४ वा घात) = ०

दिसायला छान, पण आता दर शून्य ठेवला तरी समीकरण जुळतं. गुणाकारानं नवं मूळ जन्माला घातलं. न्यूटनला ०.००१ पासून सुरू केलं की तो थेट शून्यावर जाऊन 'सापडलं' म्हणतो. बिनव्याजी कर्ज! प्रोग्रामची काही चूक नाही, त्याला विचारलं ते त्यानं सांगितलं. म्हणून भागाकाराचं रूपच ठेवा आणि कुंपण शून्याच्या थोडं पुढून सुरू करा.

पडताळणीसाठी एक्सेलचं 'रेट' हे सूत्र वापरा : महिने २४, हप्ता उणे चिन्हानं, मुद्दल अधिक चिन्हानं. हप्त्याचं उणे चिन्ह विसरलात तर उत्तर येत नाही. हे सूत्रसुद्धा आतून अंदाज-दुरुस्तीच करतं. २० फेऱ्यांत किमती ०.००००००१ च्या आत जुळल्या नाहीत तर ते चूक दाखवतं. आपल्या ५० फेऱ्यांच्या मर्यादेचंच मोठं भावंड.

९. दांडी रंगवणं

आता मसुद्याला बाहेरून आणखी एक चक्र द्या : भाग ०.१, ०.२ असं वाढवत जा आणि प्रत्येकासाठी उंची छापा. १२० सेंटिमीटर व्यासाला येणारे आकडे :

१० टक्के : १८.८ सेंटिमीटर
२० टक्के : ३०.५
३० टक्के : ४०.८
४० टक्के : ५०.५
५० टक्के : ६०.०

वरच्या अर्ध्याचे १२० मधून वजा करून मिळतात : ६० टक्के म्हणजे ६९.५, ७० म्हणजे ७९.२, ८० म्हणजे ८९.५, ९० म्हणजे १०१.२. तुमच्या टाकीचा व्यास वेगळा असेल तर हे आकडे त्याच प्रमाणात कमीजास्त करा, प्रोग्राम पुन्हा चालवायचीही गरज नाही.

टाकी अंडाकृती असली तरी टक्के हेच राहतात, कारण लंबवर्तुळ म्हणजे आडवं ताणलेलं वर्तुळ आणि ताणताना पाणी व टाकी सारख्याच प्रमाणात ताणली जातात. व्यास म्हणून फक्त उभी उंची घ्या. टाकीची दोन्ही तोंडं सपाट नसून फुगीर असतील तर मात्र फरक पडेल. आणि मोजताना ट्रॅक्टर सपाट जागी उभा हवा. बांधाच्या उतारावर उभ्या टँकरमध्ये दांडी घातली तर न्यूटन काही करू शकत नाही.

खुणा ऑइलपेंटनं केल्या, कारण पेनाच्या खुणा पहिल्याच आठवड्यात धुऊन गेल्या होत्या. तळाशी पहिल्या दोन खुणांमध्ये अंतर जास्त आणि मध्यावर खुणा दाटलेल्या, हे पाहून मामांना आधी वाटलं की मी हात हलवला. मग आम्ही २०० लिटरचा ड्रम लावला. ३०.५ च्या खुणेपासून टाकी रिकामी होईपर्यंत पाच ड्रम भरले. नळाच्या तोंडाखाली राहिलेलं थोडं पाणी बादलीनं काढलं, तेव्हा पाचवा ड्रम काठाला लागला.

मामांनी जुनी दांडी मोडून चुलीत घातली.